ओटा आग्नेयेला, गाडी केळीत

मुक्काम : ऑस्करची वाडी, विहीर आणि माड यांच्या मधोमध,
सांडोर, वसई (पश्चिम).
कार्तिक वद्य षष्ठी, मंगळवार.

तीर्थस्वरूप यशोदावन्सं यांना,

वसुंधरेचा नमस्कार. तो साष्टांग समजावा. प्रत्यक्षात घालायचा म्हटला तर माझ्या सध्याच्या घरात आठांपैकी पाचच अंगं मावतात, उरलेली तीन दाराबाहेर केळीच्या पाटात जातात. तुमचे गुडघे कसे आहेत? दापोलीला आता पहाटेचा गारवा सुरू झाला असेल, तेव्हा जिना उतरताना कठडा धरत जा आणि त्या नव्या तेलाचा वास सहन होत नसला तरी लावत जा. माझी तब्येत उत्तम आहे. तुमच्या बंधूंचीही उत्तम आहे, फक्त ते उजवीकडे थोडे कलून चालतात. हा कोणता विकार नव्हे, सवय आहे. कारण पुढे येईलच.

फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. वन्सं, आमचं घर तेवीस फूट लांब आणि सात फूट रुंद आहे. आत बोलावं तर तुमचे बंधू दोन हातांवर असतात, बाहेर जाऊन बोलावं तर बाहेर वाडीचे मालक ऑस्कर असतात, आणि विहिरीपलीकडे जाऊन बोलावं तर तिथे फोनला रेंज नसते. मूकपणे बोलण्याचा लेखन हा एकच मार्ग उरला. ते आत्ता समोर बसून डाळ निवडताहेत. मी नववीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासते आहे अशी त्यांची समजूत आहे. (मधूनमधून मी लाल पेन उचलून हवेत एखादी रेघ मारते.)

आता मुद्दा. परवा रविवारी तुम्ही त्यांना फोनवर विचारलंत, की भाऊबीजेला भाऊ नक्की का आला नाही, आणि गाडी विकायची हे काय नवीन काढलंय. त्यांनी दोन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर दिलं, गाडीत अडचण आहे आणि वसूला त्रास होतो. मग फोन माझ्याकडे आला. गाडी गेली तर तू सुटशील ना, खरं सांग, असं तुम्ही विचारलंत आणि मी 'हं' म्हटलं. त्या 'हं'चा विस्तार म्हणजे हे पत्र. येत्या रविवारी विरारहून प्रितेश नावाचे एक गृहस्थ गाडी न्यायला येणार आहेत. लग्नसराईत नवरीला नटायची खोली म्हणून ते ती भाड्यानं देणार आहेत. तुम्ही थोरल्या आणि तुमचा शब्द तुमचे बंधू मोडत नाहीत. तेव्हा तुमचा निकाल येण्याआधी सगळं प्रकरण मुळापासून ऐकून घ्यावं, एवढीच विनंती.

मूळ असं, की आमची सोसायटी पावसाळ्याआधी पुनर्विकासाला गेली. जुनी इमारत पाडणार, नवी उभी राहणार, तोवर सभासदांनी भाड्याच्या घरात दिवस काढायचे. बाकी सगळे गुणी लोकांसारखे भाड्याच्या घरात गेले. तुमचे बंधू मात्र नुकतेच वैधमापन खात्यातून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं दुकानदारांच्या तराजूचा काटा मध्यावर आहे की नाही एवढंच पाहिलेल्या माणसाच्या मनात एखाद्या दिवशी काहीतरी एका बाजूला कलणं स्वाभाविक आहे. ते कललं आणि त्यांनी मोटरहोम बांधून घेतली. नवी कोरी, डिझेलवर चालणारी. पुढे ड्रायव्हरची जागा, तिच्या डोक्यावर माळा, माळ्यावर आमचं अंथरूण. मध्ये टेबल, तेच पाहुणा आला की पलंग. मागे उजव्या कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. डाव्या कोपऱ्यात न्हाणीघर, तिथे उभ्यानं आंघोळ केली की आपल्याबरोबर कमोडलाही स्नान घडतं. छपरावर उन्हाची वीज आणि पोटात टाक्या : एक डिझेलची, एक पिण्याच्या पाण्याची, एक वापरलेल्या पाण्याची. आणखी एक आहे, तिच्याविषयी वडीलधाऱ्यांना लिहू नये. कुठल्या टाकीत किती आहे ते भिंतीवरचे दिवे दाखवतात, आणि बंधुराज रोज सकाळी ते मोठ्यानं वाचतात. एका सकाळी मी म्हटलं, "डीझेलं पूर्णं, जलं शून्यं, पतिः प्रसन्नः." त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी डायरी काढून तीत 'पाणी भरणे' अशी नोंद केली.

वन्सं, या प्रकरणाचं बीज इथेच आहे. तुमच्या बंधूंच्या कानात थट्टेसाठी वेगळा कप्पा नाही. जे शब्द जातात ते वजन करून, शिक्का मारून, जसेच्या तसे आत ठेवले जातात. (लहानपणापासूनच असे का, हे तुम्हीच सांगू शकाल. मला माल तयार मिळाला.) आणि मला देवानं सरळ बोलायची बुद्धी दिली नाही. लग्नाला तीस वर्षं झाली. एकाचा काटा आणि दुसरीची जीभ असा हा संसार चालला आहे.

गाडी आली त्या दिवशी गुरुजींना शंका पडली, की ही वाहनपूजा समजायची की वास्तुशांत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. (ओळखीत एक संस्कृतची बाई असली की गुरुजी दक्षिणा स्वतःकडे ठेवून शंका तिच्याकडे पाठवतात.) मी म्हटलं, स्थावरही आहे, जंगमही आहे, दोन्ही उरकून घ्या. बंधुराजांनी तत्काळ दोन्ही सामग्र्या आणल्या. आता वास्तूसाठी दूध उतू घालायचं आणि वाहनासाठी चाकाखाली लिंबं चिरडायची, आणि मुहूर्त मात्र एकच. मी आत ओट्यापाशी दुधाकडे डोळे लावून उभी. दूध वर येतंय तेवढ्यात बाहेर गुरुजी "घ्या पुढे" म्हणाले. लिंबं चिरडली, पातेलं सरकलं आणि दूध जे उतू गेलं ते थेट ड्रायव्हरच्या आसनापर्यंत गेलं. एवढी भरभराट त्या गुरुजींनी कुठल्याच घरात पाहिली नसेल. पुढे पंधरा दिवस गाडीत बसलं की आपण पनीरच्या पोटात बसलो आहोत असं वाटे.

ते दूध पुसताना मी दुसरी चूक केली. फडकं पिळता पिळता म्हटलं, की शास्त्राप्रमाणे ओटा आग्नेयेला हवा, तुमची आग्नेय तर प्रत्येक वळणावर बदलणार, मग अन्न शिजणार कुठल्या दिशेला? हे मी वैतागून म्हटलं होतं. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." संध्याकाळी होकायंत्र घरात आलं. हिशेब सरळ होता. ओटा मागच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे गाडीचं तोंड उत्तरेला असलं तरच तो आग्नेयेत येतो. तेव्हापासून आमची गाडी उत्तरेकडे तोंड केल्याशिवाय कुठेही थांबत नाही. चिंचोटीच्या पुढे एका टपरीपाशी सगळं जग दक्षिणेकडे तोंड करून चहा पीत होतं. आम्ही पंचवीस मिनिटं मागेपुढे करून उत्तराभिमुख झालो, तोवर त्यांचा चहा संपला होता.

गास गावी तर गंमतच झाली. शेताच्या कडेला मोकळी जागा पाहून आम्ही एक मुक्काम केला. सकाळी मी दार उघडते तो पायरीपाशी माणसांची रांग. पांढरी गाडी, बाजूला पायरी, आत टेबल, टेबलाशी चष्मा लावलेला गंभीर मनुष्य, यावरून लोकांनी फिरता दवाखाना असा निष्कर्ष काढला होता, आणि तो तर्काला धरून होता. पहिले बाबूकाका म्हणून एक वृद्ध शेतकरी बाही वर करूनच आत शिरले. हा दवाखाना नाही असं मी सांगितलं. "मंग प्रेशर तपासायचं मशीन कशाला हाय?" असं त्यांनी विचारलं, आणि ते खरोखरच टेबलावर होतं, कारण तुमचे बंधू स्वतःचा रक्तदाब रोज मोजतात. दुपारपर्यंत त्यांनी सतरा जणांचे रक्तदाब मोजले. आकडे अचूक सांगितले, सल्ला कुणालाही दिला नाही. (हे खात्यातलं वळण. माप सांगायचं, माल घ्यायचा की नाही ते गिऱ्हाइकावर.) संध्याकाळी पायरीवर मुळ्याच्या चार जुड्या आणि एक भोपळा ठेवलेला होता. तो भोपळा आम्ही आठवडाभर खाल्ला. दवाखाना पुन्हा कधी येणार अशी विचारणा अजून होते.

आता पाडव्याचा दिवस. तुमच्याकडे निघालो ते सगळ्या तयारीनिशी. चकल्यांचा डबा, अनारशांचा डबा आणि तुमच्यासाठी घेतलेली अबोली रंगाची साडी. (साडीबद्दल आत्ता काही विचारू नका.) वाटेत फक्त पाणी भरून घ्यायचं म्हणून सांडोरला ऑस्करच्या वाडीत शिरलो. ऑस्कर म्हणजे केळीचे बागायतदार. वीस वर्षांपूर्वी वसईच्या बाजारात बंधुराजांनी अचानक तपासणी केली, तेव्हा एकट्या ऑस्करचा काटा ग्रॅमालाही चुकला नव्हता. तेव्हापासूनची ही मैत्री, आणि काट्यावरून जमलेली असल्यामुळे ती दोन्ही बाजूंनी काटेकोर आहे. पाणी भरायला तासभर लागणार होता. मी म्हटलं, तोवर चहा टाकते. ते म्हणाले, थांब. वाडीत आम्ही दक्षिणेकडे तोंड करून शिरलो होतो. म्हणजे ओटा वायव्येला, आणि चहा म्हणजे अग्नी.

मला मागे उभं करण्यात आलं. गाडी मागे घेताना बायकोनं "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं असतं. मी ते काही वेळ प्रामाणिकपणे म्हटलं. मग चहाची वेळ टळू लागली, ऊन डोक्यावर आलं, आणि पाचव्यांदा त्यांनी खिडकीतून डोकं काढून जागा आहे का असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "या, या, संकोच करू नका. मागे अख्खी वाडी पडली आहे." (वन्सं, मी गुन्हा कबूल करते. पण तीस वर्षांनंतर तरी माणसाला स्वर कळावा.) ते आले. मागचं चाक त्याच सकाळी भिजवलेल्या केळीच्या पाटात अर्धं बुडालं, गाडी उजवीकडे कलली, मागचा कोपरा माडापासून चार बोटांवर थांबला आणि पुढचं तोंड विहिरीच्या कठड्यापासून वीतभर. पुढे जावं तर विहीर, मागे जावं तर माड. खाली उतरून त्यांनी चाक पाहिलं नाही, माड पाहिला नाही, विहीरही पाहिली नाही. होकायंत्र पाहिलं. ओटा बरोबर आग्नेयेला आला होता, अंशाचाही फरक नव्हता. मग त्या तिरक्या ओट्यावर मी चहा केला आणि तो सगळ्यांनी कपाच्या एकाच बाजूनं घेतला.

बाहेर काढायची तर ट्रॅक्टर लावून बाजूनं ओढावी लागणार, आणि ट्रॅक्टरच्या वाटेत केळीच्या दोन ओळी होत्या. चाळीसेक झाडं, एकेकावर वेलची केळ्यांचा घड लटकलेला. ऑस्कर कोयता घेऊनच आले. त्यांचं म्हणणं साधं होतं, झाडं माझी, सण तुमचा, पाहुणा अडकला तर झाडं पाहत बसायची नसतात. तुमच्या बंधूंनी एक घड हातानं तोलून पाहिला (हाताचा अंदाज अजून पक्का आहे) आणि विचारलं, की हे भरायला किती दिवस. ऑस्कर म्हणाले, तीन आठवडे. तेव्हा ते जे बोलले ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते, कारण तुमच्या रागावर याहून चांगलं औषध माझ्याकडे नाही.

"यशोदाताईनं विचारलं तर काय सांगू? घड भरायच्या आत चाळीस झाडं कापून आलो? ती ओवाळायची नाही मला."

तर असं आहे. एस.टी.नं एकटे या, असं तुम्ही त्या दिवशी फोनवर म्हणालात, तेही बरोबर होतं. पण गाडी विहिरीत घरंगळेल ही धास्ती अशी होती, की पहिले दोन दिवस ते चाकांना दगड लावून त्या दगडांवरच बसून होते. तिसऱ्या दिवशी विटा आणि जॅक लावून गाडी पुष्कळशी सरळ झाली. पुष्कळशी म्हणते, कारण वरण अजूनही पातेल्यात एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला पातळ होतं. ज्याला जसं आवडतं तसं त्या बाजूनं वाढते.

आता या घरात काय काय सोसावं लागतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला निकाल देणं सोपं जाईल. पहाटे भारद्वाज ओरडतो, न विचारता. जुन्या फ्लॅटमध्ये माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचा पाइप दिसायचा आणि त्याकडे बघत तीस वर्षं मी निवांत पोळ्या केल्या. इथे खिडकीत केळीची पानं हलतात, त्यांच्यामागे जास्वंद आहे, तिच्यावर चिमणीएवढे कसले कसले पक्षी येतात आणि पोळी करपते. चहा तुमचे बंधू करतात. ओटा त्यांच्या बसायच्या जागेपासून हातभर अंतरावर असल्यामुळे त्यांचा नाइलाज होतो. डिझेलखेरीज या नव्या गाड्यांना धूर स्वच्छ राहावा म्हणून युरियाचं पाणी वेगळं घालावं लागतं, हे त्यांनी एकदा ऑस्करना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑस्करनी केळीच्या खतातलं युरियाचं अर्धं पोतं आणून पायरीशी ठेवलं, मित्राच्या गाडीची उपासमार नको म्हणून. हे खत आणि ते पाणी यांतला फरक बंधुराजांनी त्यांना पाऊण तास समजावला. शेवटी ऑस्कर एवढंच म्हणाले, की माझ्या केळी काहीही न विचारता खातात.

आणि सर्वांत मोठी गैरसोय भांडणाची. जुन्या घरात रुसायला एक स्वतंत्र बेडरूम होती. एकदा दार लावलं की रुसवा दोन-दोन दिवस टिकायचा, मध्ये टीव्ही असायचाच. इथे रुसून जायचं तर केळीत जावं लागतं, आणि केळीत डास आहेत. पाच मिनिटांत परत यावं लागतं, तेव्हा समोरचा मनुष्य पायरीवर मच्छरांची अगरबत्ती लावून बसलेला असतो. तीन आठवड्यांत आमचं एकही भांडण धड पूर्ण झालेलं नाही. उलट काही नसलं की ते खात्यातल्या जुन्या गोष्टी सांगतात. परवा कळलं, की नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मिठाईवाल्याचा खोटा काटा त्यांनी पकडला आणि घरी येऊन रात्रभर रडले होते, कारण मिठाईवाला म्हातारा होता. तीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. अशा गोष्टी या वयात ऐकून माणसाला त्रास होतो, हे तुम्ही ध्यानात घ्यावं.

भाऊबीजेच्या दिवशी मर्लिन, म्हणजे ऑस्करच्या पत्नी, सकाळपासून दोन वेळा येऊन डोकावून गेल्या. शेजारच्या हिंदू वाडीत ओवाळणं चालू होतं, आणि आमच्याकडे तुमचे बंधू नवा सदरा घालून दगडावर बसले होते. मर्लिननी मला बाजूला घेऊन विचारलं, "टीचर, ह्यांना आज कोण ओवाळणार?" मी म्हटलं, ओवाळणारी दापोलीत आहे. त्या आत गेल्या आणि ताट घेऊनच आल्या. ताटात घरच्या देव्हाऱ्यातली मेणबत्ती, नारळ, आणि साखरेऐवजी केकचा तुकडा. अक्षता हव्यात एवढं त्यांना माहीत होतं, म्हणून शिजलेला भात घेतला होता. तो मात्र मी बदलून दिला. उजवीकडून की डावीकडून एवढं विचारून त्यांनी ओवाळलं, मेणबत्तीही विझू दिली नाही. आता ओवाळल्यावर ताटात काही घालावं लागतं, आणि तुमच्या बंधूंनी हाताशी जे होतं ते घातलं. वन्सं, तुमची अबोली साडी. रविवारी मर्लिन ती नेसून चर्चला गेल्या. खोटं कशाला बोलू, त्यांना शोभली.

त्या दुपारी मात्र माझं डोकं तापलं. तुमचा फोन येऊन गेला होता, तुमचा आवाज जरा ओला वाटला होता, आणि खीर वाढायला गेले तर ती पातेल्यातून एका बाजूनं ओट्यावर. मी म्हटलं, "याच्यापेक्षा विरारला चौदाव्या मजल्यावर भाड्यानं राहिलेलं बरं. तिथे अडकलं तर माणूस लिफ्टमध्ये अडकतं, घरासकट नाही." कुणीही हसलं असतं. त्यांनी डायरी काढली. आठ दिवसांनी माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक प्रितेश यांचा फोन नंबर, दुसरी विरारच्या एका टॉवरमधल्या फ्लॅटची माहिती. मजला चौदावा. ओटा आग्नेयेला, तेही होकायंत्र लावून पाहून आले होते. खिडकीतून काय दिसतं असं मी विचारलं. ते म्हणाले, समोरचा टॉवर. मला तिथेही एखादा विनोद करता आला असता, पण आठवला नाही.

तर वन्सं, एकूण प्रकरण हे असं आहे. गाडी तिरकी आहे, ओटा लहान आहे, न्हाणीघरात वळताना कोपर लागतं, संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ऑस्कर, मर्लिन आणि ऑस्करचा कुत्रा असे तिघेही आमच्या पायरीवर येऊन बसतात आणि उठत नाहीत. असल्या घरात शहाण्या माणसानं राहू नये. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं मांडलं. तुमच्या तराजूत काय उतरेल ते मी आनंदानं मान्य करीन. भाऊजींना नमस्कार, दारच्या आंब्याला माझी आठवण सांगा, आणि तेल लावा.

तुमची,
वसुंधरा

ता. क. घड शुक्रवारी उतरणार, मग ती झाडं तशीही कापायचीच असतात. शनिवारी सकाळी ट्रॅक्टर येईल आणि गाडी मोकळी होईल. तुमच्यासाठी मर्लिननी उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधून ठेवली आहेत. साडीची परतफेड म्हणून नव्हे, ती वेगळी घ्यायची आहे, रंग कळवा.

ता. क. २. वरची सगळी पानं विसरा आणि एवढंच वाचा. काल सकाळी मी त्यांना म्हटलं, "गाडी राहू दे." लग्न झाल्यापासून मी इतकं सरळ वाक्य बोलले नव्हते. अलंकार नाही, कंस नाही, काही नाही. त्यांनी डाळीतून मान वर केली आणि म्हणाले, "थट्टा पुरे, वसू." वन्सं, या माणसानं आयुष्यभर माझी प्रत्येक थट्टा खरी मानली, आणि हे एक खरं तेवढं थट्टा मानलं. पुन्हा सांगावं तर मी त्यांच्यासाठी मन मारते आहे असं वाटून ते प्रितेश यांना शनिवारीच बोलावतील. तेव्हा आता तुमच्यावाचून कुणी नाही. हे पत्र उद्या मधल्या सुट्टीत स्पीड पोस्टानं टाकते, शुक्रवारी तुमच्या हाती पडावं. शुक्रवारी रात्रीपर्यंत त्यांना फोन करा आणि रागवा. म्हणा, कार्तिक संपायच्या आत भाऊबीज झालीच पाहिजे, गाडी घेऊनच या, माझ्या गुडघ्यांना एस.टी. झेपत नाही, मला हर्णैला समुद्र दाखवायला न्या. कार्तिकभर भाऊबीज चालते असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे (आधार विचारू नका). आणि तुम्ही हे सगळं आधीच म्हणालात असंही काल दुपारी सांगून बसले आहे. तेव्हा कृपया म्हणा. माझं नाव घेऊ नका. खालचा पलंग तुमचा, माळ्यावर आम्ही.

ता. क. ३. होकायंत्र हरवलं आहे. कालपासून ते शोधताहेत, तांदळाचा डबा सोडून सगळीकडे. तुमच्या अंगणात पोचल्यावर उत्तर कुठली असं त्यांनी विचारलं, तर ज्या बाजूनं गाडी बाहेर काढता येईल ती दाखवा.